मौखिक : दातांची पुस्तके आणि आठवणींची पुस्तके

'मौखिक' हा शब्द हल्ली दोन निरनिराळ्या प्रकारच्या पुस्तकांवर आढळतो. एक 'मौखिक आरोग्य', म्हणजे दात, हिरड्या, जीभ यांची निगा. दुसरा 'मौखिक इतिहास', म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकून टिपून ठेवलेला इतिहास. ग्रंथालयात पहिले पुस्तक वैद्यकाच्या कपाटात जाते, दुसरे इतिहासाच्या. दोहोंचा काही संबंध असेल असे कोणाला वाटत नाही. सातारा-सांगली भागातील आपल्या समाजापुरता मात्र तो संबंध आहे, आणि आता तो तातडीचा झाला आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खरे तर बौद्ध वाचकाला या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदांनी धम्म आणि उपालींनी विनय मुखोद्गत म्हणून दाखविला. पुढे कित्येक शतके हे सारे वाङ्मय भिक्खूंच्या मुखातच राहिले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, वट्टगामणी राजाच्या काळात, ते ग्रंथबद्ध झाले. सुत्ताच्या आरंभी सांगणारा आधी 'हे मी ऐकलेले आहे' अशी कबुली देतो, मग भगवान त्यावेळी कोठे होते आणि समोर कोण होते ते सांगतो. आजचे अभ्यासक मुलाखत टिपताना हेच पाहतात. त्याच वाङ्मयात दातांचीही काळजी आहे. अंगुत्तर निकायात दातवणाचे पाच फायदे सांगितले आहेत, त्यांत तोंडाला दुर्गंधी येत नाही आणि अन्न रुचते हे दोन आहेत. विनयात तर दातवण आठ अंगुळांहून लांब आणि चार अंगुळांहून आखूड नसावे असेही सांगितले आहे. इतक्या बारीक गोष्टी केवळ मुखातून मुखात टिकल्या!

आपल्या चळवळीपुरते बोलायचे तर मराठीत या प्रकारचे पहिले महत्त्वाचे पुस्तक म्हणजे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). महाड, नाशिक, नागपूर येथील लढ्यांत स्त्रिया होत्या हे सर्वांना ठाऊक होते. पण त्यांची नावे कागदावर फारशी नव्हती. या दोघींनी त्या बायकांचा शोध घेतला, त्यांना बोलते केले आणि पुस्तक केले. साताऱ्याच्या वाचकाने त्याच्या शेजारी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ठेवावे. ते आत्मकथन खरे, पण नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. त्यात आज्या-पणज्यांकडून ऐकलेला साऱ्या महारवाड्याचा जन्म आला आहे.

'ऐकीव गोष्टींवर काय विश्वास ठेवायचा?' असे शिकलेली माणसे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण कागद तरी सगळे कोठे सांगतो? परमपूज्य बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, हे त्या शाळेचे (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) रजिस्टर सांगते. त्यानंतर वर्षभरातच ही मुले वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरली, जात कळताच गाडीवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना, आणि डबा जवळ असून पाण्यावाचून रात्र काढावी लागली. हे कोणत्या रजिस्टरात मिळणार? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहिले म्हणून आपल्याला कळले. रजिस्टरात तारीख सापडते, तहान सापडत नाही. इतिहासाला दोन्ही हवीत.

वेळ किती थोडा असतो याचे उदाहरण कुंडलच्या परिसरातच आहे. प्रतिसरकारातील हौसाताई पाटील २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ लाड २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. त्यांच्या आठवणी असलेले पी. साईनाथ यांचे 'द लास्ट हीरोज' हे इंग्रजी पुस्तक २०२२ च्या अखेरीस आले. आठवणी आधी टिपल्या होत्या म्हणून पुस्तक झाले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला, किंवा त्याच डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर दीक्षा घेतलेला सोळा वर्षांचा मुलगा आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. आपल्या गावांतून त्यावेळी मुंबईला गिरणीत, गोदीत किती माणसे होती! त्यांतली कितीजण उरली आहेत, ती प्रत्येकाने आपल्या वस्तीत मोजावीत.

येथे दातांच्या पुस्तकाची गरज लागते. आपल्या भागातील वृद्ध बायका अजून मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून तिची पूड करायची आणि दातांना चोळायची. दात साफ होतात हा समज, प्रत्यक्षात ते तंबाखूचे व्यसन. हिरड्या मागे सरतात, दात हलू लागतात, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात आणि पुढे कर्करोगाचेही भय असते. तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण मिश्री घरच्या तव्यावरच होते, तिच्यावर बंदी कोण घालणार? नातवंडांनीच आजीला दवाखान्यात न्यावे. आपले व्याकरण त, थ, द, ध यांना 'दंत्य' म्हणते ते उगीच नव्हे. दात गेले की उच्चार पुसट होतात, आणि नेमकी गावांची व माणसांची नावे ऐकताना चुकतात. म्हणून कवळी असेल तर लावून बसवावे, आणि प्रत्येक नाव ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणून खात्री करून घ्यावी.

विचारायचे काय, हेही महत्त्वाचे. 'चळवळीविषयी सांगा' म्हटले की माणूस भाषण करू लागतो. त्याऐवजी, घरातले देव दीक्षेनंतर कोणी उचलले व कोठे नेले, येसकरकीची पाळी कोणत्या घरापासून बंद झाली, १९५८ च्या कायद्याने वतन गेले तेव्हा जमिनीचे काय झाले, पहिले लग्न बौद्ध पद्धतीने लागले तेव्हा विधी कोणाला येत होता, असे विचारावे. सन विचारून उपयोग नाही. बँकेच्या खिडकीवर पेन्शनचे कागद पाहणाऱ्या माझ्यासारख्याला ठाऊक आहे, निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असते. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. त्यापेक्षा कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात पोर केवढे होते, असे विचारले की वर्ष बरोबर सापडते.

मोबाईलवर आवाज टिपणे आता कोणालाही जमते. सुरुवातीला सांगणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि विचारणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे. छापण्यास संमती आहे का तेही तेथेच विचारावे. उतरवून काढताना भाषा 'सुधारू' नये. आजी 'आमी गेलाव' म्हणाली तर तसेच लिहावे. एक प्रत त्या घरी द्यावी, दुसरी मंडळाच्या कपाटात, निरनिराळ्या दोन ठिकाणी ध्वनिफीत साठवावी. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच. त्यातले आठवड्यातून एक दिवसाचे वाचन थोडे आधी आटोपून एका वृद्धाला बोलते केले, तरी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बारा-तेरा जणांचे टिपून होते.