एक्झिक्युटर कोणाला होता येते?

गेल्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना आमच्या आजोबांनी मृत्युपत्र करावयाचे ठरविले आणि एक्झिक्युटर म्हणून माझे नाव घालतो म्हणाले. मढच्या कोळीवाड्यातील आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. काका म्हणाले, पोरगी उद्या परघरी जाणार. धाकट्या भावाचे नाव घाला. भाऊ चौदा वर्षांचा आहे. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी मी तरीने वर्सोव्यास उतरून कॉलेजचे ग्रंथालय गाठले आणि 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा उघडला.

एक्झिक्युटर म्हणजे वारस नव्हे. त्याच्या हाती मालमत्ता येते ती देणी फेडून, येणी गोळा करून उरलेले मृत्युपत्राप्रमाणे ज्याचे त्यास देण्यासाठी. मात्र वारसाने एक्झिक्युटर होऊ नये असेही नाही. रतन टाटा 9 ऑक्टोबर 2024 रोजी वारले; त्यांच्या मृत्युपत्राच्या चार एक्झिक्युटरांत त्यांच्या दोन सावत्र बहिणी आहेत.

कलम 223 पाहून मी चकितच झाले, इतके ते लहान आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, अज्ञान व्यक्तीस किंवा मन ठिकाणावर नसलेल्यास मिळत नाही. संस्थेस मिळायचे तर ती सरकारी नियमांत बसणारी कंपनी हवी. शिक्षणाची अट नाही, पुरुष असण्याचीही नाही. अंगठा उठविणारी माझी आत्यादेखील चालेल! 1865 च्या कायद्यात विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून प्रोबेट मिळत नसे. तो कायदा मुख्यत्वे हिंदूंसाठी नव्हता, आणि आजच्या कलमात ती अट नाही. हे वाचून दाखविले तेव्हा काका जाळे सांधण्यात फारच गुंतले होते. भावाला एकट्याला नेमले आणि तो लहान असतानाच वेळ आली, तर तो अठरा वर्षांचा होईतो कारभार त्याच्या पालकाकडे किंवा कोर्ट ठरवील त्याच्याकडे जाईल.

नाव घातले म्हणून काम गळ्यात पडत नाही. न्यायाधीशासमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखी नकार देता येतो. पण एकदा नकार दिला की पुन्हा मागे फिरता येत नाही.

उलट, कोणी नेमले नसता जो मयताच्या मालमत्तेत हात घालतो, त्याला कलम 303 स्वतःच्याच चुकीने झालेला एक्झिक्युटर ठरविते. हाती आले तेवढ्याचा जाब त्याला द्यावा लागतो. अंत्यविधीचा खर्च करणे, घरच्यांची तातडीची गरज भागविणे किंवा माल सांभाळून ठेवणे यात हे येत नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याची जाळी, इंजिन कोण उचलतो हे आठवून पाहावे.

प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. म्हणून मी आजोबांना अजून होकार दिलेला नाही. होडीतला आपला हिस्सा नेमका किती, हे आधी कागदावर दाखवा, एवढेच म्हटले आहे. तो कागद काकांच्या पेटीत आहे.