नकाशा, चष्मा आणि झालर

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचं लाकडी कोडं कापायला घेतलं की पहिली अडचण येते ती मुंबई शहराची. गिरगाव, लालबाग, परळ, दादर हे सगळं ज्या जिल्ह्यात मोडतं, त्या मुंबई शहर जिल्ह्याचं क्षेत्रफळ अवघं १५७ चौरस किलोमीटर. अहिल्यानगर जिल्हा १७ हजारांच्या वर, म्हणजे शंभरपटींहून मोठा. अहिल्यानगरचा तुकडा पाच सेंटिमीटरचा धरला, तर मुंबई शहराच्या वाट्याला जेमतेम पाच मिलिमीटर येतात. त्यातही मुंबई शहर जिल्हा दक्षिणोत्तर लांबट, त्यामुळे रुंदी आणखी कमी. एवढा तुकडा पात्यासमोर बोटांनी धरता येत नाही, कापला तरी भुशात सापडत नाही आणि लहान मुलाच्या हाती लागला तर सरळ तोंडात जातो. म्हणून शहर आणि उपनगर एकत्र करून, जमल्यास ठाण्यालाही जोडून एकच तुकडा करावा लागतो. भूगोलाशी केलेली ही तडजोड आहे. लाकडात काम करणाऱ्याला असे निर्णय करवत सुरू करण्याआधी, कागदावरच घ्यावे लागतात.

ही करवत म्हणजे स्क्रोल सॉ. नागदेवीच्या अवजारांच्या बाजारात जाऊन ‘जिगसॉ’ मागितलात तर दुकानदार हातात धरून फळीवर फिरवायचं यंत्र पुढे करेल, ते वेगळं. स्क्रोल सॉ टेबलावर पक्की बसवलेली असते. साधारण १२७ मिलिमीटर लांबीचं बारीक पातं वरच्या आणि खालच्या पकडीत ताणून बसवायचं आणि ते जागच्या जागी मिनिटाला चारशेपासून सतरा-अठराशे वेळा खालीवर होत राहतं. पातं जागा सोडत नाही, लाकूड फिरवायचं. सगळी कला त्या दोन हातांच्या फिरवण्यात आहे. पात्याचं एक टोक सोडवता येतं, ही तिची खरी करामत. लाकडाला बारीक भोक पाडायचं, सुटं टोक त्यातून ओवायचं, परत पकडीत अडकवायचं आणि फळीची कड न तोडता आतली नक्षी कापायची. बँड सॉला हे जमत नाही, कारण तिचं पातं अखंड पट्ट्याचं असतं.

विजेआधीही हेच काम होत होतं. यू आकाराच्या चौकटीत तसंच पातं ताणलेली हाताची फ्रेट करवत आजही काहीशे रुपयांत मिळते. अठराव्या शतकात, १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशा महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला विकला. जिगसॉ पझलचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. त्या तुकड्यांना एकमेकांत अडकणाऱ्या मुंड्या बहुधा नसत, सीमा हीच कापणी. मुंडी आणि खोबण यांची वीण नंतर रूढ झाली. १९०८च्या सुमारास अमेरिकेत मोठ्या माणसांना लाकडी कोड्यांचं वेड लागलं. १९३०च्या दशकात पुठ्ठ्याची साच्याने दाबून कापलेली स्वस्त कोडी आली आणि हाताने कापणारे मोजकेच उरले.

कोडं कापताना एक गोष्ट सांभाळली की निम्मं काम झालं: पातं आणि टेबल यांच्यात पक्का काटकोन हवा. टेबल अर्धा अंश जरी कललेलं असलं तरी तुकडा वरून निघतो, खालून निघत नाही, किंवा उलट. म्हणून आधी टाकाऊ प्लायचा एक तुकडा कापून दोन्ही बाजूंनी सरकवून पाहावा. पातंही बारीक हवं, जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास, कारण कोड्यात पात्याने खाल्लेली जागा म्हणजे तुकड्यांमधली फट. प्लाय चार ते सहा मिलिमीटर पुरतो. स्वस्त कमर्शियल प्लायच्या आत पोकळ्या असतात. पातं तिथे अडखळतं आणि मुंडीचा बारीक मानेचा भाग नेमका तिथेच तुटतो. पैसे वाचवायचे असतील तर यंत्रात वाचवावेत, प्लायमध्ये नाही.

व्यक्तिचित्राचा हिशोब याच्या अगदी उलटा. कोड्यात काहीच टाकून द्यायचं नसतं, कापलेल्या रेषेच्या दोन्ही बाजू आपल्याच. चित्रात मात्र सावली कापून काढायची आणि उजेड लाकडात ठेवायचा, मग मागे काळा कागद किंवा काळं कापड लावायचं. केस, भुवया, मिशी, नाकाखालची सावली ही सगळी भोकं. राहिलेलं लाकूड म्हणजे कपाळ, गाल, सदरा. आणि अट एकच: उरलेल्या लाकडाचा प्रत्येक कण कुठून ना कुठून चौकटीला जोडलेला हवा. नाही तर तो खाली पडतो.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी शिवाजी पार्कवर जे स्टॉल लागतात, तिथे पुस्तकांच्या बरोबरीने बाबासाहेब आंबेडकरांच्या तसबिरी आणि मूर्ती असतात. बाबासाहेबांचा चेहरा लाकडात कापायचा तर कस लागतो तो चष्म्याशी. काळी गोल चौकट म्हणजे बंद कडं. ते कडं जसंच्या तसं कापलं की आतली काच डोळ्यासकट गळून पडते. मग कड्याला दोन ठिकाणी तोडावं लागतं. कुठे तोडायचं हे चित्र पाहून ठरतं. माझ्या मते एक जोड नाकाच्या बाजूला हवा, कारण तिथे कपाळाचा उजेड खाली उतरतोच; दुसरा गालाच्या बाजूला, खालच्या कडेला. वरच्या कडेला जोड ठेवला तर भुवई आणि चष्मा यांच्यातली करारी रेषा मोडते आणि चेहरा मवाळ दिसू लागतो. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही असाच सुटा. बुबुळाच्या काळ्या भोकात तो तरंगत राहू शकत नाही. त्याला पापणीशी एका बारीक पट्टीने जोडावं, नाही तर सोडून द्यावं. मी सोडत नाही, कारण त्या ठिपक्याशिवाय नजर जिवंत होत नाही.

लोकमान्य टिळकांच्या बाबतीत काम सोपं: पगडीचा मोठा उजळ भाग, खाली कपाळ आणि मिशीची एकच सलग काळी फट. शिवाजी महाराजांचं बाजूने दिसणारं रूप त्याहून सोपं. म्हणून नवख्याने सुरुवात तिथून करावी.

तपासायची रीत घरगुती आहे. फोटो काळ्या-पांढऱ्यात आणून छापायचा, कापायचा भाग पेन्सिलने भरायचा आणि मग कुठल्याही पांढऱ्या जागेवर बोट ठेवून काळं न ओलांडता कडेपर्यंत पोचता येतं का बघायचं. नाही पोचलं, तर तिथे जोड आखायचा, निदान प्लायच्या जाडीएवढा रुंद. कापताना आतले बारीक भाग आधी, मोठे भाग शेवटी, म्हणजे लाकडाची ताकद शेवटपर्यंत टिकते. लाकडावर चिकटवलेल्या या कागदावर चिकटपट्टी लावली तर लाकूड जळून काळं पडत नाही.

हे सगळं लालबाग-परळच्या कारागिरांना परकं नाही. इथे कित्येक वर्षं थर्माकोलची मखरं तापल्या तारेने कापली जात होती, आणि जाळीतला कुठला भाग सुटा पडेल याचं भान त्या हातांना होतंच. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं पुठ्ठा, प्लाय, एमडीएफकडे वळली. आता त्यातलं बरंच काम लेसर करतो. एकाच नक्षीचे पन्नास नग हवे असतील तर लेसर योग्यच आहे. त्याची कड मात्र जळकी, काळी राहते. आणि एकाच माणसाच्या चेहऱ्यासाठी, एकाच घरासाठी काही करायचं असेल तेव्हा हाताची करवत मला अजूनही अधिक प्रामाणिक वाटते.

या करवतीची जुनी आणि उघड्यावर टांगलेली कामगिरी गिरगावातच आहे. खोताच्या वाडीतल्या घरांचे सज्जे आणि कौलांखालच्या झालरी पाहा. झालर म्हणजे छपराच्या कडेला लावलेली नक्षीदार फळी: वाशांची उघडी टोकं झाकते आणि तिच्या टोकदार पाकळ्यांवरून पावसाचं पाणी भिंतीपासून लांब ठिबकतं. एकच पाकळी पुन्हा पुन्हा लागत असल्याने अशा कामात तीन-चार फळ्या एकावर एक ठोकून एकदम कापता येतात. ही नक्षी नीट पाहिली तर लक्षात येतं की जाळीत जोड कुठे ठेवायचा, हा बाबासाहेबांच्या चष्म्याचा प्रश्न तेव्हाच्या सुतारानेही सोडवला होता, आणि तोही पावसाळे सोसेल अशा रुंदीने.

या झालरी झपाट्याने जात आहेत. मेट्रो-३ साठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पडल्या, उरलेल्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. नव्या घराचा हक्क रहिवाशांना आहेच, त्यावर माझा आक्षेप नाही. पण इमारत पडते तेव्हा दारं-खिडक्या जुन्या लाकडाच्या भावात विकल्या जातात आणि कुजलेली झालर कोणी विचारत नाही.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी आधी फ्रेट करवत घ्यावी, व्ही आकाराची खाच पाडलेली फळी टेबलाला शिकंज्याने आवळावी, दात खालच्या दिशेला ठेवून पातं बसवावं आणि मास्क लावूनच बसावं. लाकडाच्या भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे, आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो भुसा गादी-उशीपर्यंत पोचतो. गॅलरीत बसता आलं तर उत्तम.

आणि गिरगाव, दादर, परळच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना एक विनंती. बिल्डरशी करार होण्याआधी शिडी लावून झालरीच्या एका पाकळीवर कागद धरा, पेन्सिल घासून तिचा छाप घ्या, फळीची जाडी मोजा, इमारतीचं नाव आणि तारीख कोपऱ्यात लिहून ठेवा. तेवढ्या एका कागदावरून कुठलाही सुतार ती झालर पुन्हा कापू शकतो.