शाळेतील संगणकाला एकच दार का?

आपल्या वस्तीतील मुले ज्या शाळांत जातात, त्यांपैकी अनेक शाळांत आता संगणक आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु संगणक आला म्हणजे ज्ञानाचे दार उघडले, असे समजून पालकांनी निर्धास्त राहू नये. वर्गातील सर्व संगणकांवर एकच मंजूर संकेतस्थळ उघडे ठेवायचे आणि बाकी सारे कुलूपबंद करायचे, अशी एक पद्धत आहे. तिचा विचार पालक म्हणून आपण करणे अगत्याचे आहे.

हे कुलूप लावणे कठीण नाही. ब्राउझरला आधी 'सर्व बंद' असा हुकूम द्यायचा आणि परवानगीच्या यादीत एकच पत्ता लिहायचा. गुगल क्रोममध्ये तशी सोयच आहे. गंमत अशी की, संकेतस्थळाचे एक पान पुष्कळदा अनेक ठिकाणांहून गोळा होऊन पडद्यावर येते. अक्षरे एकीकडची, चित्रे दुसरीकडची, चित्रफीत यूट्यूबवरची. त्यामुळे एकच पत्ता उघडा ठेवला, तर मंजूर पानसुद्धा कधी कधी धड दिसत नाही. चित्रफितीच्या जागी कोरी चौकट येते.

आम्ही बंधनाच्या सरसकट विरोधात नाही. संगणकावर परीक्षा चालू असेल, तर तेवढ्या वेळेपुरते एकच पान उघडे असावे, हे योग्यच. पहिली-दुसरीच्या मुलांना मोकळे सोडा, असेही आम्ही म्हणणार नाही. अश्लील मजकूर, जुगाराचे खेळ, द्वेषाचा प्रचार बंद केलाच पाहिजे. आम्ही कारकुनी करतो. कचेरीतील संगणकावर कामापुरतेच उघडते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. ठरलेले काम ठरल्याप्रमाणे करण्याचाच आम्हाला पगार मिळतो. मुलांना आपण त्यासाठी शाळेत घालत नाही.

खरा प्रश्न घरचा आहे. सुखवस्तू घरातील मूल शाळेत एकच पान पाहून आले, तरी घरी लॅपटॉप उघडून दहा पाने पाहते. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच चांगला मोबाईल. तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो आणि रात्री मुलाच्या हाती येतो, तेव्हा त्यातला डेटा संपलेला असतो. अशा मुलाला शाळेच्या पडद्यावर जे दिसले, तेच सारे इंटरनेट. बंधन दोघांना एकच, पण एकाला ते तासापुरते आणि दुसऱ्याला सबंध शिक्षणभर.

गरिबाला थोडके पुरे, हा विचार जुनाच आहे. २०१५ साली फेसबुक कंपनीने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने आपल्या देशात निवडक संकेतस्थळे फुकट दाखवण्याची योजना आणली. पुढे तिला 'फ्री बेसिक्स' हे नाव मिळाले. फुकट म्हटल्यावर कोणालाही बरेच वाटते. परंतु यादी कंपनीच्या अटींवर ठरणार होती. देशभर विरोध झाला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय' या दूरसंचार प्राधिकरणाने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. शाळेचा संगणक त्या नियमात येत नाही, हे खरे. पण यादी कोण करतो, हा सवाल दोन्हीकडे तोच.

तो सवाल आपल्या समाजाला चांगला परिचयाचा आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून निमंत्रण दिले. भाषण आधी वाचल्यावर मंडळाला त्यातील काही भाग खटकला, तो वगळावा असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. परिषद झाली नाही. मग त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, दीड हजार प्रती! तेच 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते पूर्ण भाषण कोणालाही मोफत वाचता येईल असे ठेवलेले आहे. आठवीतल्या मुलीला त्यातील इंग्रजी जड जाईल, शिक्षकांना समजावून सांगावे लागेल. पण शाळेच्या संगणकाने ते पान उघडलेच नाही, तर समजावण्याचा प्रश्नच येत नाही.

मग मुले वाट चुकू नयेत, यासाठी काय करावे? संगणक असे मांडावेत की सर्व पडदे शिक्षकांना दिसतील. घातक ते बंद करावे. यादीच करायची, तर ती लांब असू द्यावी: बालभारतीची पुस्तके, मराठी विश्वकोश, विकिपीडिया, आणि मुलांनी मागितलेली नवी नावे.

हे सांगायला जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. धुणीभांडी करणारी आईसुद्धा तेथे सदस्य होऊ शकते. मात्र तोंडी बोलू नये. तोंडी विनंतीची किंमत काय असते, ते आम्ही रोज टेबलावर पाहतो. साध्या कागदावर अर्ज द्यावा: 'शाळेतील संगणकांवर कोणती संकेतस्थळे उघडतात, ती कोणी व कधी ठरवली, आणि नवीन नाव घालण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा, हे समितीस लेखी कळवावे.' पोच घ्यावी. बैठकीच्या इतिवृत्तात विषय लिहिला आहे की नाही, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे. स्वतःला वाचता येत नसेल, तर मुलीला सोबत न्यावे आणि तिच्याकडून वाचून घ्यावे.