नारिंगी शंकूची करामत

घरोघरी कपाटात लग्नाच्या, बारशाच्या, मंगळागौरीच्या सीडी पडून असतात. नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते, आणि बाहेरून ड्राइव्ह जोडला तरी पुष्कळदा फाइल उघडत नाही. मग दुकानदार म्हणतो, ‘ताई, सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल’, नाहीतर गुपचूप चोरीची प्रत टाकून देतो. मैत्रिणींनो, या दोन्हीची गरज नाही.

नारिंगी शंकूचं चित्र असलेला ‘व्हीएलसी’ प्लेअर बहुतेक सगळं उघडतो. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी नेटवर्कवरून टीव्ही दाखवायचा प्रकल्प सुरू केला, त्यातून हा जन्मला. २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला झाला. म्हणजे कुणीही वापरा, त्याची आतली कृती वाचा, बदला, पुढे द्या. मात्र बदललेलं वाटताना नवी कृतीही द्यायची. लोणच्याचं प्रमाण सांगताना एखादा जिन्नस राखून ठेवायची आपली सवय तिथे चालत नाही!

आमच्या बचत गटातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या नातवाने कॅसेटवरून एमपी३ करून ठेवल्या होत्या. आजी आता नाहीत. गाण्यापेक्षा कॅसेटची घरघरच जास्त, शब्द कळेनात. ‘ऑडॅसिटी’ हे आवाजाचं मुक्त सॉफ्टवेअर इथे कामी आलं. नुसती घरघर असलेले दोन-तीन सेकंद निवडून त्याला ‘हा गोंगाट’ म्हणून ओळख करून द्यायची, मग तो सगळ्या फाइलमधून कमी करायला सांगायचं. हात जरा आखडताच ठेवावा, नाहीतर माणूस डब्यातून बोलल्यासारखं वाटतं. मूळ फाइल आधी वेगळी जपून ठेवायची.

मग व्हीएलसीत वेग निम्मा केला. आवाज घोगरा न होता शब्द सुटे झाले. तिघी-चौघी वही घेऊन बसल्या. एका ओळीत ‘मावळण’ आहे की ‘माळीण’, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही!

व्हिडिओ कापायला, जोडायला ‘ओपनशॉट’ किंवा ‘केडेनलाइव्ह’ आहे. एवढं लक्षात ठेवा, नुसती ‘प्रोजेक्ट’ फाइल पेनड्राइव्हवर नेली तर दुसरीकडे काही दिसत नाही. शेवटी ‘एक्सपोर्ट’ वा ‘रेंडर’ करून तयार व्हिडिओ काढावा लागतो.

२०२२ मध्ये व्हीएलसीचं अधिकृत संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होतं. नोव्हेंबरात ते पुन्हा खुलं झालं. अशा वेळी भलत्याच ठिकाणची प्रत घेतली की तिच्याबरोबर व्हायरस येण्याची भीती. म्हणून व्हीएलसी घ्यायचा तो व्हिडिओलॅन या मूळ संस्थेच्याच संकेतस्थळावरून. तिथे देणगी ऐच्छिक असते. कार्डाचा नंबर दिल्याशिवाय डाउनलोड होणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते पान सरळ बंद करा.