घाम एकाचा, अनुदान दुसऱ्याचं

अमेरिकेत टेक्सस राज्याच्या व्हार्टन काउंटीत एल कॅम्पो नावाचं गाव आहे. आखाती किनाऱ्याजवळचा सपाट, भाताचा मुलूख. २००६ च्या जुलैमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने या भागातली एक गोष्ट उजेडात आणली. जुन्या भातखाचरांवर घरं बांधून राहणाऱ्या, शेतीशी संबंध नसलेल्या माणसांनाही सरकार भाताचं अनुदान देत होतं. २००० सालापासून देशभरात शेती न करणाऱ्यांना १३० कोटी डॉलर मिळाले, असा त्या वार्ताहरांचा हिशेब होता.

यात कागदपत्रं खोटी करावी लागली नव्हती. १९९६ च्या शेती कायद्याने अनुदान आणि उभं पीक यांची गाठच सोडली होती. जमिनीवर पूर्वी किती एकर भात होता ती नोंद, म्हणजे 'बेस एकर', कायम धरली गेली आणि पैसे त्या नोंदीवर मिळू लागले. २००२ च्या कायद्यात दर होता शंभर पौंड भाताला २.३५ डॉलर, जुन्या ठरीव उताऱ्याने, ८५ टक्के क्षेत्रावर. यंदा भात लावा, गुरं चारा किंवा रान पडीक ठेवा, रक्कम तीच. हेतू वाईट नव्हता. काय पेरायचं ते सरकारने नव्हे, शेतकऱ्याने बाजार बघून ठरवावं, एवढाच होता. पण टेक्ससमधला बराचसा भात खंडाने जमीन कसणारे पिकवत. खंडकरी शेतात असेल तर अनुदान त्याला किंवा दोघांत वाटून. रान पडीक असेल तर सगळं मालकाचं. मालकाने कोणती वाट धरावी हे कायद्यानेच सुचवलं होतं.

मला जास्त सलतं ते हे, की हा धडा अमेरिकेला आधीच मिळाला होता. १९३३ मध्ये कापसाचे भाव सावरण्यासाठी रूझवेल्ट सरकारने उभं पीक मोडण्याचे पैसे दिले. सुमारे एक कोटी एकर कापूस नांगराखाली गेला. पैसे जमीनदाराच्या हाती पडत, वाटेकऱ्याचा हिस्सा त्याच्या मर्जीवर. लागवड घटली तसा वाटेकरीही नकोसा झाला. आर्कान्सॉच्या पॉइन्सेट काउंटीत, टायरोन्झा इथे जुलै १९३४ मध्ये गोऱ्या-काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना उभारली. त्या काळच्या दक्षिणेत दोघांनी एकत्र बसणंही जिवावरचं होतं.

व्हार्टनमधल्या त्या थेट रकमा २०१४ मध्ये बंद झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या योजनाही मुख्यतः बेस एकरवरच उभ्या आहेत.

आता आपल्याकडे पाहू. 'पीएम किसान'चे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे ६,०००, दोन्ही जमीन ज्याच्या नावावर त्याला. वारसाहक्क सोडला तर ती जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर झालेली हवी. प्राप्तिकर भरणारे आणि बहुतेक सरकारी नोकर वगळले आहेत, हे योग्यच. पण मक्त्याने, खंडाने, निम्म्या वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला त्या जमिनीपोटी छदामही नाही. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही, आणि कागद नाही म्हणून पीककर्जही मिळत नाही. मालकाचा हक्क शाबूत ठेवून लेखी खंडाला परवानगी देणारा आदर्श कायदा निती आयोगाने २०१६ मध्येच मांडला आहे. महाराष्ट्राने त्या धर्तीवर पाऊल उचलायला हवं.

तोवर, ज्या वाचकांची जमीन गावाकडे दुसरा कुणी कसतो त्यांना एक विनंती : अतिवृष्टीची भरपाईही अशीच जमिनीच्या नावावर तुमच्या खात्यात आली, तर पीक ज्याचं गेलं त्याच्या हाती ती द्या.