जुन्या मोटारीला अस्तर लावताना : आधी ओलावा, मग आवाज, मग उष्णता

ऑकलंड ते वेलिंग्टन हे सुमारे ६४० किलोमीटरचे अंतर आजची मोटार एका दिवसात सहज कापते आणि उतरल्यावर चालकाच्या कानांत काही गुंजत नाही. हाच प्रवास १९६० च्या दशकातील मॉरिस मायनरने केला, तर गोष्ट निराळी होते. न्यूझीलंडच्या बहुतेक महामार्गांवर गुळगुळीत डांबरीकरण नसते. डांबराच्या थरावर खडी पसरून ती दाबलेली असते. ‘चिपसील’ नावाचा हा पृष्ठभाग स्वस्त आणि टिकाऊ असला, तरी चाकांखाली तो सतत घरघरतो. मायनरच्या पातळ पत्र्यातून ही घरघर थेट आत येते. तिच्या जोडीला इंजिनाची ऊब आणि गिअरबॉक्सवरच्या उंचवट्याची धग पायांना जाणवते. अशी मोटार बाळगणाऱ्याला लवकरच एक प्रश्न पडतो : आतून कोणते अस्तर लावावे?

भारतात वाढलेल्या पिढीला या मोटारींची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडली होती आणि मायनर ही त्याच घराण्यातील धाकटी बहीण. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीचे मूळ फियाट ११०० मध्ये होते. न्यूझीलंडमध्येही त्या काळी मोटारी सुट्या भागांच्या रूपाने येत आणि येथे जोडल्या जात. ऑकलंडच्या डोमिनियन मोटर्सने मॉरिसच्या मोटारी अशाच जोडल्या. मोटारींवरील आयातशुल्क उठल्यावर १९९८ मध्ये येथील जोडणीचे कारखाने बंद झाले, परंतु त्या काळच्या मोटारी आजही येथील घरांच्या गॅरेजमध्ये जपलेल्या आढळतात.

बाजारात उष्णतारोधक आणि ध्वनिरोधक म्हणून अनेक प्रकारचे पट्टे, चादरी आणि फोम मिळतात. प्रत्येक विक्रेता आपला माल सर्व दुखण्यांवरचा उपाय म्हणून पुढे करतो. वस्तुतः आवाज, उष्णता आणि ओलावा हे तीन वेगळे शत्रू आहेत आणि एकाला अडवणारी वस्तू दुसऱ्याला आश्रय देऊ शकते. न्यूझीलंडसारख्या दमट, समुद्रवेष्टित देशात यांपैकी ओलाव्याचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. आवाज आणि उष्णता यांनी प्रवासी त्रासतो, पण अस्तराखाली साचलेल्या पाण्याने मोटारच संपते.

खणखणारे ताट आणि झडणारा आवाज

मोटारीतला आवाज दोन वाटांनी येतो. पहिली वाट पत्र्याच्या कंपनाची. स्टीलच्या ताटावर चमचा मारला की ते खणखणते, पण कडेला बोट टेकवताच आवाज थांबतो. बोटाने ताटाची कंपनशक्ती शोषून घेतलेली असते. ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा चिकटवलेले ब्यूटिल रबराचे पट्टे हेच काम करतात. पत्रा थरथरू लागला की मधले चिकट रबर ताणले जाते आणि कंपनशक्तीचे किंचित उष्णतेत रूपांतर होते. ताटाला संपूर्ण तळहात लावावा लागत नाही, तसेच येथेही संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते. पत्र्याच्या मोकळ्या मध्यभागी एक चतुर्थांश क्षेत्रफळाएवढा पट्टा लावला तरी बहुतेक लाभ पदरात पडतो. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करून पाहावे. आवाज घंटेसारखा आला तर पट्टा हवा, ‘ठप्प’ असा आला तर नको.

दुसरी वाट हवेची. इंजिनाचा आणि चाकांचा आवाज हवेतून येतो आणि त्याला अडवायला वजनदार, लवचीक पडदा लागतो. जड भुकटी मिसळलेल्या व्हायनिलच्या चादरी यासाठी वापरतात. त्यांचे वजन सर्वसाधारणपणे प्रतिचौरस मीटर पाच किलो असते. पडद्याचे वजन दुप्पट केले की अडवणूक सुमारे सहा डेसिबलने वाढते, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी मात्र साधारण दहा डेसिबलची घट लागते. म्हणजे केवळ वजन वाढवत जाणे हा महागडा मार्ग ठरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फटींची. एखादी पडदी तीस डेसिबल आवाज अडवत असेल आणि तिच्या क्षेत्रफळाचा केवळ एक टक्का भाग उघडा राहिला, तर प्रत्यक्ष अडवणूक वीस डेसिबलच्याही आत येते. जुन्या मोटारीत इंजिन आणि प्रवासीकक्ष यांमधल्या पडदीला वायर, केबल आणि हीटरच्या नळ्यांसाठी भोके असतात. त्यांतली रबरी बुचे पन्नास वर्षांत कडक होऊन गळून पडलेली असतात. ती नवी बसवण्याचा खर्च अत्यल्प आणि लाभ मोठा. याच भोकांतून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायूही आत येऊ शकतो, त्यामुळे हे काम केवळ सोयीचे राहत नाही.

उष्णतेच्या तीन वाटा

उष्णता पत्र्यातून वहनाने, हवेच्या हालचालीने आणि तप्त वस्तूपासून किरणांच्या रूपाने येते. मोटारीच्या तळाखालून जाणारी सायलेन्सरची नळी प्रामुख्याने किरणांनी तापवते. तिला परतवायला चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उत्तम, पण एका अटीवर : त्याच्यासमोर हवेची पोकळी हवी. तोच चकचकीत पापुद्रा गालिचा आणि पत्रा यांच्यामध्ये दाबून बसवला, तर त्याला परावर्तित करायला काही उरत नाही आणि ॲल्युमिनियम स्वतः उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने तो जवळपास निरुपयोगी ठरतो. म्हणून नळी आणि तळ यांच्या दरम्यान, दोन्हींपासून अंतर राखून बाहेरच्या बाजूला बसवलेली ढाल आतल्या दोन थरांपेक्षा अधिक काम करते.

वहन रोखायला हवा अडकवून ठेवणारा पदार्थ लागतो. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे पन्नास वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन, तर बंद पेशींचा फोम आणि लोकर या दोहोंची ०.०४ च्या आसपास. म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने फोम आणि लोकर तुल्यबळ आहेत. त्यांच्यातली निवड पाण्याच्या वागणुकीवरून करावी लागते.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्यावी. उन्हात उभी केलेली मोटार मुख्यतः काचांमधून तापते आणि तळाच्या अस्तराचा तेथे फारसा उपयोग नसतो. छताच्या कापडाखालचा पातळ फोम थोडी मदत करतो. बाकीचे काम काचेवरचा पडदा आणि सावली यांनीच होते. न्यूझीलंडमधील उन्हाळ्यातले अतिनील किरण उत्तर गोलार्धातील तेवढ्याच अक्षांशावरच्या प्रदेशापेक्षा सुमारे ४० टक्के प्रखर असतात. त्यामुळे डॅशबोर्ड आणि आसनांचे आयुष्यही सावलीनेच वाढते.

खरा शत्रू : साचलेले पाणी

जुन्या मोटारीत पाणी शिरणार, हे गृहीत धरावे. समोरच्या काचेचे रबर आक्रसते, दरवाज्याची पट्टी झिजते, हीटरची नळी पाझरते. शिवाय मध्य ओटागोच्या थंड रात्री प्रवाशांच्या श्वासातील बाष्प गार पत्र्यावर दवासारखे साचते. स्पंजासारखा उघड्या पेशींचा फोम किंवा नमदा पत्र्याला चिकटवला, तर हे पाणी महिनोन्महिने तेथेच मुरते. वरचा गालिचा कोरडा दिसतो आणि खालचा पत्रा खंगत जातो.

याचे मोल वाहनयोग्यता तपासणीत मोजावे लागते. न्यूझीलंडमध्ये ‘वॉरंट ऑफ फिटनेस’शिवाय मोटार रस्त्यावर आणता येत नाही आणि सांगाड्याचा भार वाहणाऱ्या भागांतला गंज हे ती नाकारली जाण्याचे कारण ठरते. मायनरमध्ये तळाचा पत्रा, दरवाज्यांखालचे उंबरे, जॅकच्या जागा आणि मागच्या स्प्रिंगांचे आधार ही गंजाची ठरलेली ठिकाणे आहेत. आसनपट्टे ज्या पत्र्यात बसवलेले असतात, तो पत्रा पोखरला गेला असेल तर प्रश्न थेट जीविताचा होतो.

म्हणून पत्र्याला लागून जो थर येईल, तो पाणी न शोषणारा हवा. ब्यूटिलचे पट्टे आणि बंद पेशींचा फोम या कसोटीला उतरतात. मात्र ते कडेपर्यंत नीट चिकटलेले असावेत. अर्धवट सुटलेल्या फोमखाली पाण्याची थैली तयार होते. तळातील आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेतील निचऱ्याची छिद्रे कोणत्याही कारणाने बुजवू नयेत.

लोकरीचे स्थान वरच्या थरात. घोंगडीची ओळख असलेल्या मराठी माणसाला लोकरीचे गुण वेगळे सांगायला नकोत. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश बाष्प पोटात घेऊनही ओली वाटत नाही आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडते. ती सहज पेट घेत नाही आणि कृत्रिम धाग्यांप्रमाणे वितळून ठिबकत नाही. चाकांचा तीव्र, वरच्या पट्टीतला आवाजही ती चांगला शोषते. मेंढ्यांच्या या देशात लोकरीचा गालिचा आणि नमदा मिळवणे अवघड नाही. परंतु गळतीच्या पाण्यापुढे लोकरही हतबल होते आणि तिला कसर लागते. म्हणून ती चिकटवू नये, उचलून वाळवता येईल अशी मोकळी अंथरावी.

काय टाळावे

घराच्या छपरासाठी विकल्या जाणाऱ्या डांबरी पट्ट्या स्वस्त असतात, पण उन्हात त्या मऊ पडतात, वास सोडतात आणि छतावरून किंवा दरवाज्यावरून घसरतात. घराच्या भिंतीत भरायची काचतंतूंची गादी मोटारीच्या हादऱ्यांनी खाली बसते, पाणी धरते आणि तिचे तंतू हवेत मिसळतात. ॲल्युमिनियमचा पापुद्रा वीज वाहतो, हेही विसरू नये. मायनरच्या मूळ वायरिंगमध्ये अवघे दोन फ्यूज आहेत. उघड्या तारेला पापुद्र्याची कड टेकली तर आगीचे निमित्त होऊ शकते. आतल्या साहित्यासाठी अमेरिकेच्या ३०२ क्रमांकाच्या मानकाची खूण पाहावी. त्यानुसार चाचणीत ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये.

जुने अस्तर खरवडण्याआधी आणखी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. त्या काळच्या ब्रेक, क्लच आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई आणि काही मोटारींच्या उष्णतारोधक तावांतही ते आढळते. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१६ पासून ॲस्बेस्टॉसयुक्त वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली आहे, पण आधीच देशात असलेल्या मोटारींतले ॲस्बेस्टॉस जागच्या जागीच आहे. इंजिनाजवळचा राखाडी, तंतुमय ताव संशयास्पद वाटल्यास तो फाडू नये, घासू नये आणि हवेच्या झोताने साफ करू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी. घराच्या गॅरेजमध्ये मुले वावरत असतील, तर हा नियम अधिकच कसोशीने पाळावा. भारतातून कुटुंबाची जुनी मोटार आणण्याचा विचार करणाऱ्यांनी तिच्यातील ॲस्बेस्टॉसची चौकशी जहाजावर चढवण्यापूर्वीच करणे इष्ट.

कामाचा क्रम

अस्तर घेण्याआधी आवाजाचे मूळ शोधावे. फाटका सायलेन्सर, बसलेली इंजिनाची रबरी बैठक, जुने कडक टायर किंवा झिजलेले बेअरिंग यांचा आवाज झाकणे म्हणजे दुखणे लपवणे होय. बेअरिंगची घरघर हा इशारा असतो.

त्यानंतर गालिचा काढून मोटारीवर बाहेरून पाणी सोडावे आणि आत कोठे ओल येते ते पाहावे. गळती बंद करावी, गंज काढून प्रायमर आणि रंगाचा थर द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर पत्रा अल्कोहोलने पुसून, उबदार दिवशी ब्यूटिलचे पट्टे मोजक्या जागी दाबून लावावेत. त्यावर बंद पेशींचा फोम. व्हायनिलची जड चादर फक्त इंजिनाकडची पडदी, गिअरबॉक्सचा उंचवटा आणि पुढचा तळ एवढ्यापुरती, तीही न चिकटवता. सर्वांत वर लोकरीचा नमदा आणि गालिचा.

आसनाचा पाया आणि आसनपट्ट्याचे बोल्ट यांच्याखाली कोणताही मऊ थर येऊ देऊ नये. तो दबत गेला की बोल्ट सैल पडतात. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्या पेडलची पूर्ण हालचाल गालिच्याने अडत नाही, याची खात्री करावी.

वजनाचा हिशेबही ठेवावा. ब्यूटिल, फोम आणि व्हायनिल असे तिन्ही थर सर्वत्र लावले तर प्रतिचौरस मीटर सुमारे नऊ किलो भरतात. आठ चौरस मीटरला ते ७२ किलो होतात. ४८ अश्वशक्तीच्या, १०९८ सीसीच्या मायनरला हा कायमचा एक जादा प्रवासी झाला. चढावर, ब्रेक लावताना आणि पेट्रोल भरताना त्याचे भाडे मालकालाच द्यावे लागते.

कोणतेही साहित्य निवडताना शेवटी एकच प्रश्न विचारावा : पाच वर्षांनी हे उचलून खालचा पत्रा पाहता येईल का? ज्याचे उत्तर ‘हो’ असेल, ते थोडे कमी शांत असले तरी घ्यावे. दर वर्षी पावसाळी हिवाळा सरल्यावर गालिचा उचलावा, तळावर हात फिरवावा आणि सर्व काही वाळवून पुन्हा अंथरावे. या मोटारी इतकी वर्षे टिकल्या, त्या मुख्यतः अशा पाहणीमुळेच.