अग्निबाणाचा वेग

रंकाळ्यात नाव उभी आहे. नावेत तुम्ही आहात आणि धोंड्यांची रास आहे. वल्हे नाही. एक धोंडा उचला आणि जोराने मागे फेका. नाव थोडी पुढे सरकेल. दुसरा फेका, आणखी सरकेल. नाव हलकी होत जाते, म्हणून शेवटचा धोंडा पहिल्यापेक्षा जास्त रेटा देतो.

अग्निबाणाचे असेच आहे. जळण पेटते, तापलेला वायू खाली सुटतो आणि बाण वर जातो. कित्येकांना वाटते, वायू जमिनीला ढकलतो म्हणून बाण चढतो. तसे नाही. खूप वर हवासुद्धा नसते, तरी तो पळतोच.

आता पाटी घ्या. वायू दर सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने सुटतो, असे धरा. बाणाचे एकूण वजन निम्मे झाले, की त्याच्या वेगात वायूच्या वेगाच्या सुमारे सात-दशांश भर पडते. अडीचचे सात-दशांश म्हणजे पावणेदोन. आपला बाण 16 टनांचा. 8 टन जळण जळले; वेग पावणेदोन. आणखी 4 टन जळले, साडेतीन. आणखी 2 टन, सव्वापाच. मग 1 टन, सात. बघा, पहिल्या पावणेदोनला 8 टन लागले, शेवटच्याला एकच! दुप्पट जळण भरले की दुप्पट वेग, हा बाजारी हिशेब इथे चालत नाही. हा नियम रशियातल्या त्सिओल्कोव्स्कीने 1903 साली छापला. तो शाळेत गणित शिकवीत असे. आम्हा मास्तर लोकांना हे ऐकून बरे वाटते.

उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेग लागतो. या वेगाने कोल्हापूरहून पुण्याला अर्ध्या मिनिटात पोचाल. आपले गणित तर सातवरच अडले. शिवाय पृथ्वीची ओढ आणि हवा त्यातला काही वेग खातात. मग करायचे काय? जळण संपलेले नळकांडे उगाच वाहायचे नाही. ते टाकून द्यायचे आणि वरचे पेटवायचे. ओझे गेले, वेग वाढला.

भारताचा एसएलव्ही-3 असाच चार टप्प्यांचा होता. वजन 17 टन. 10 ऑगस्ट 1979 ला पहिला बाण उडाला, पण दुसऱ्या टप्प्याला दिशा देणारी यंत्रणा बिघडली आणि तो बंगालच्या उपसागरात पडला. पुन्हा तयारी झाली. 18 जुलै 1980 ला श्रीहरिकोट्याहून दुसरा उडाला आणि त्याने रोहिणी उपग्रह वर नेऊन सोडला. उपग्रहाचे वजन फक्त 35 किलो, एखाद्या शाळकरी पोराएवढे. चारही टप्प्यांत घन जळण होते. तसले जळण आपल्या देशात तयार करण्याच्या कामात डॉ. वसंत गोवारीकर पुढे होते. ते शिकले आपल्या कोल्हापुरात.